डाव्या हाताच्या कमांड

आमच्या मरोळच्या कारखान्यात पत्र्याची पॅनेल बनतात. पॅनेल म्हणजे सोसायटीच्या मीटरच्या खोलीत असतात ना, ती राखाडी लोखंडी कपाटं. सपाट पत्रा कापायचा, भोकं पाडायची, वाकवायचा, रंग द्यायचा. पण कुठे कापायचा आणि कुठे वाकवायचा हे आधी कॉम्प्युटरवर काढावं लागतं, आणि ते मी काढत होतो. ‘काढत होतो’ असं लिहायला अजून जड जातं.

काही वर्षांपूर्वी साकीनाक्याजवळ मी बसलेली रिक्षा उलटली आणि उजव्या मनगटात स्टीलची पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण त्याचे लाड करावे लागतील. तेव्हापासून उजवा हात माउसवर नुसता टेकलेला असायचा आणि राबायचा डावा. सॉफ्टवेअरमधल्या रोजच्या सगळ्या कमांड मी कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणून ठेवल्या होत्या. दोन-दोन अक्षरं मारली की रेघ, दुसरी दोन मारली की गोल, तिसरी दोन मारली की पत्रा वाकलाच. त्या अक्षरांना काही अर्थ नव्हता. बोटांना ती जवळ पडायची, एवढंच. डाव्या हाताने माउस धरून बघ, असं येणारा-जाणारा प्रत्येकजण सुचवून गेला. बघितलं. रेघ कुठे टेकवायची आणि कुठे टेकते यात इतकं अंतर पडायचं की त्या मापाचं पॅनेल कुठल्याच भिंतीला लागलं नसतं.

तर अशी माझी व्यवस्था नीट लागलेली होती, आणि मग दसरा आला.

आमच्या शेठना नवीन काहीही दसऱ्यालाच लागतं. मशीनला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे, आणि त्याच मुहूर्तावर नवी वस्तू सुरू. यंदा नवी वस्तू म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती. बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं की एका कॉम्प्युटरवर जुनी महिनाभर राहू द्या, काही अडलं तर हाताशी असते. शेठ म्हणाले, दसऱ्याला अर्धं नवं, अर्धं जुनं असं नसतं. झालं. एकजात सगळ्या कॉम्प्युटरवरची जुनी आवृत्ती निघाली. आणि मी काय केलं? मी माझ्या कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं, वर एक पेढा जास्तीचा खाल्ला. आपली वाट आपल्यासमोर लागत असताना आपण पेढे खात असतो, हे तेव्हा कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली दोन अक्षरं मारली. खाली ओळ आली की अशी कमांड नाही. दुसरी मारली, तेच. वर जिथे माझ्या ओळखीची बटणं असायची तिथे रंगीत चित्रांची एक रुंद पट्टी पसरलेली होती, आणि प्रत्येक चित्राच्या पोटात आणखी चित्रं. साध्या रेघेसाठी माउस खालून वर न्यायचा, चित्र उघडायचं, पुन्हा खाली आणायचा. जेवायच्या सुट्टीपर्यंत मनगट सुजलं. घरी, चारकोपला, बायको गरम पाण्याची पिशवी धरून बसायची आणि मी त्या चित्रं काढणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचो. डाव्या हाताची, अर्थात.

काही दिवसांनी शेठ माझ्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “तुम्हाला त्रास होतोय. तपासणीला बसा आता. पगार तोच.” तपासणी म्हणजे दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग कागदावर घेऊन त्यातल्या चुका शोधायच्या. त्या टेबलावर कॉम्प्युटर नसतो. आमच्याकडे तिथे जो बसतो तो पुन्हा काढायला परत येत नाही. मी शेठना म्हटलं, महिनाभर द्या. ते बरं म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर दया होती, आणि तिचाच मला जास्त राग आला.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते. गोवंडीहून येते, वयाने माझ्याएवढीच, काम चोख आणि जीभ त्याहून चोख. ती म्हणाली, नव्या आवृत्तीतसुद्धा आपली अक्षरं लावून घेता येतात, मी लावून देते, कुठली अक्षरं कशाला होती तेवढं सांग. मी सांगायला गेलो आणि मला एकही आठवेना. रोज शेकडो वेळा मारलेली अक्षरं, पण ती डोक्यात कधी नव्हतीच. त्या क्षणी खरंच घाबरलो. इतकी वर्षं काम मला येतंय असं मी समजत होतो.

ती म्हणाली, “तू सांगू नको रे. तू काढ. बोटं कुठे जातात ते मी बघते.”

मग आमचं ते सुरू झालं. जेवणाचे डबे लवकर उरकायचे, आणि मी जुन्या एखाद्या पॅनेलचा कागद समोर ठेवून काढायला बसायचो. पडद्यावर काही उमटायचं नाही. मी नुसता बोलायचो, आता रेघ, आता इथे भोक, आता हा कोपरा गोल, आणि बोटं आपोआप जायची. ती बघायची, तिच्या कॉम्प्युटरवर लगेच लावून घ्यायची आणि मग माझ्या कॉम्प्युटरवर आणून टाकायची. मी विचार करायला लागलो की बोटं चुकायची. मग ती मला मुद्दाम बोलण्यात गुंतवायची, तिच्या इमारतीतली पाण्याची भांडणं सांगायची, आणि माझं लक्ष तिकडे गेलं की बोटं बरोबर पडायची. एकेक करून बहुतेक सगळ्या कमांड परत आल्या. पहिली रेघ उमटली तेव्हा मी इतका खूश झालो की माझं मलाच हसू आलं.

एक तेवढी आली नाही. उलगडण्याची. पडद्यावर बांधून झालेलं पॅनेल उलगडून सपाट पत्रा करायचा, आणि तो सपाट पत्राच खाली कापायला जातो. त्याशिवाय बाकी सगळं काढलेलं फुकट. सॉफ्टवेअरच्या कंपनीत फोन केला. तिकडचा पोरगा फार गोड बोलला. म्हणाला, ती कमांड आता काढून टाकली आहे, त्याऐवजी नवीन सोय आहे, माउसने एकेक कड धरून ओढत न्यायची, फार सोपी आहे. मी म्हटलं, सोपी कोणाला? त्याला ते कळलं नाही, आणि त्याला समजावण्याची ताकद माझ्यात नव्हती.

“ते मी करून देते,” ती म्हणाली. माझं पॅनेल तयार झालं की मी नुसती मान वळवायची, ती उठून यायची, माझ्या माउसवर हात ठेवून कडा ओढून द्यायची आणि परत जायची. आमची ड्रॉइंग पुन्हा वेळेवर जायला लागली. म्हणजे माझी जायला लागली. तिची मागे पडत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कोण जाणे.

एका दुपारी शेठ तिच्यावर उखडले. सगळ्यांसमोर. तुझं पॅनेल कालपासून अडलंय, खाली मशीन रिकामी उभी आहे, तुला जमत नसेल तर सांग. ती जिभेची एवढी तिखट बाई, पण माझं नाव तिने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती मान खाली घालून कडा ओढत राहिली, आणि मी तिथे बसून होतो.

दुसऱ्या दिवशी शेठ यायच्या आधी मी माझा डबा, चष्मा आणि पाण्याची बाटली उचलून तपासणीच्या टेबलावर नेली. तिला ते आल्यावर दिसलं. ती तिथपर्यंत चालत आली. “महिना झाला कुठे अजून?” ती म्हणाली. मी म्हटलं, दमलो गं. ते खोटं नव्हतं. ती आपल्या जागी गेली.

दुपारी तपासायला पहिला कागद आला तो तिचाच. जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर होती, तसंच पॅनेल, फक्त उंची वाढवलेली. असं असलं की आमच्याकडे कोणी नव्याने काढत नाही. जुनी फाईल उघडायची आणि तीच बदलायची. मी एकेक माप लावून बघितलं. भोकं बघितली, वाकवण्याच्या रेघा बघितल्या. कुठेही चूक नव्हती. मग खालचा कोपरा बघितला. तिथे एक चौकट असते, कोणी काढलं आणि कोणी तपासलं ते लिहायची. फाईल माझी जुनी होती. तिने तारीख बदलली होती, पण ‘काढणार’च्या पुढे माझंच नाव राहून गेलं होतं.

खाली मशीनवर तो कोपरा कोणी वाचत नाही. सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण चूक होती ती, आणि आता माझं काम तेच होतं. मी लाल पेन उघडलं, माझ्या नावाभोवती गोल केला आणि कागद तिच्याकडे परत पाठवला.