येर्मोलायच्या पायाचं माप

लेना नदी गोठली की तिच्या पाठीवरून रस्ता सुरू होतो, आणि रस्ता सुरू झाला की येर्मोलायचं घरी बसणं संपतं. वरच्या गावांचं डिझेल, पीठ, कोळसा सगळं याच बर्फावरून जातं, आणि त्यातली एखादी गाडी वाटेत बसतेच. कुणाचा गाडीखालचा, भार पेलणारा कमानपाटा तुटतो, कुणाचं चाक जाम होतं. मग हाक येते ती येर्मोलायला. पारा उणे पन्नासच्या खाली उतरलेला असताना उघड्यावर गाडीखाली शिरायचं, हातमोजा काढून नट बसवायचा, बोटं पांढरी पडायच्या आत मोजा पुन्हा चढवायचा, आणि वर ड्रायव्हरला चार शिव्या हासडायच्या, हे त्याच्यासारखं कुणाला जमत नव्हतं.

हे सगळं तो पायांच्या जोरावर करायचा, आणि ते पाय होते फेव्रोन्याच्या जोरावर.

फेव्रोन्या त्याची बायको. लग्न झालं त्या हिवाळ्यापासून त्याचे बूट तीच शिवत आली. रेनडिअरच्या पायाचं कातडं, तळाला नमद्याचे, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीचे, थर, आत घालायला सशाच्या कातड्याचे मोजे. शिवून झाले की बूट चुलीजवळ ठेवायचे, येर्मोलायने पाय घालायचा, दोनदा जमिनीवर आपटायचा आणि म्हणायचं, "अगदी मापाचे झालेत, म्हातारे." पंचविशीतसुद्धा तो तिला म्हातारे म्हणायचा आणि ती त्याला म्हाताऱ्या. तिकडे नवरा-बायको असंच बोलतात. आता दोघं खरंच म्हातारे झाले होते.

त्या शरद ऋतूत फेव्रोन्याच्या बोटांची पेरं सुजली, अगदी आल्याच्या गाठींसारखी झाली. दाभण धरला की हातातून गळून पडायचा. जुन्या जोडाचा तळ उघडा पडलेला, वरून डिझेल पिऊन कातडं पत्र्यासारखं झालेलं.

"ठिगळ लावते. एवढा हिवाळा काढ," ती म्हणाली.

"ठिगळ कसलं लावतेस? सुई तरी धरता येतेय का? मी शहरातून आणतो."

"तू? बूट आणणार?" फेव्रोन्या हसली. "आयुष्यात कधी चप्पल तरी घेतलीयस का स्वतःची?"

त्याला ते लागलं. आणखीही एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही. शिवता येत नाही म्हणून ती हल्ली भिंतीकडे तोंड करून बसायची. आपण छानसे बूट आणले, तर तिच्या डोक्यावरचा भार उतरेल, असं त्याच्या मनात होतं.

शहरातल्या दुकानात इतका उजेड होता की येर्मोलायला आपण नाटकाच्या मंचावर चुकून शिरल्यासारखं झालं. चहूकडे आरसे. शेजारी एक बाई गुळगुळीत टाचांचे बूट घालून बघत होती. विकणारी पोरगी गुडघे टेकून म्हणाली, "आजोबा, काढा पायातलं." येर्मोलायने खाली पाहिलं. त्याच्या सशाच्या मोज्यांचे केस झडलेले, टाचेला तीन रंगांचं रफू. त्या सगळ्या झगमगाटात हे मोजे दाखवायचे? त्याने पाठ फिरवली, मोजे काढून खिशात कोंबले आणि पोरीने दिलेला कागदासारखा पातळ मोजा चढवला.

पोरीने पाय मोजला. "बेचाळीस."

"बेचाळीस तर बेचाळीस."

बूट मोठे देखणे होते. काळं जाड कातडं, बोटांवर पोलादी टोपी, तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात. पाय आत गेला आणि चपखल बसला. येर्मोलायचा सगळा जन्म नटबोल्टांत गेलेला. घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. जोड हातात घेऊन तो घरी आला तो गाणं गुणगुणतच.

फेव्रोन्याने बूट उचलून पाहिले. "जड आहेत."

"लोखंड आहे त्यात. ट्रक गेला वरून तरी बोटांना काही होत नाही."

तिने बूट खाली ठेवले आणि विषय सोडला. तिला वाटलं, आपण दोष काढला तर म्हणेल, जळते माझ्या बुटांवर.

डिसेंबरात पहिली हाक आली. नदीवर एका टँकरचा मागचा कमानपाटा तुटला होता. येर्मोलायने सशाचे मोजे घातले आणि वरून नवे बूट ओढले. जाता जाईनात. चुलीजवळ बसून, दात आवळून, त्याने ते चढवलेच.

दुरुस्तीची गाडी दोरोफेईची. हा त्याचा जुना जोडीदार, जाडजूड, फाटक्या तोंडाचा. बूट बघताच तो म्हणाला, "वा! नवरदेव! लग्न कुणाचंय?"

"तुझ्या सासूचं. गाडी काढ."

टँकर नदीच्या मधोमध उभा होता. इंजिन चालू, धुराचा खांब सरळ वर गेलेला, हलायला तयार नाही. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरून यांच्याभोवती नाचत होता, नाहीतर पाय गारठतात. येर्मोलायने जॅक लावला. सुरुवातीला पाय ठणकत होते. चावल्यासारखे ठणकत होते. तो मनात म्हणाला, नवं कातडं आहे, घेईल आकार. आणि खरंच, थोड्या वेळाने ठणका थांबला.

"दोरोफेई, बूट सैल झाले बघ. चांगली चीज आहे."

तुटलेल्या पाट्याची पिन गंजून बसली होती. ब्लो लॅम्पने ती तापवली. येर्मोलायने खाली वाकून सळई धरली, दोरोफेईने घण उचलला. पहिला घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला दांड्यावरून दोरोफेईचा हातमोजा निसटला आणि घण सरळ येर्मोलायच्या डाव्या पायावर आला.

टँकरचा ड्रायव्हर किंचाळला. दोरोफेई तोंडावर हात घेऊन उभा.

येर्मोलायने मान वर केली आणि हसला. "काय बघताय? काही कळलंसुद्धा नाही मला! म्हटलं नव्हतं, ट्रक गेला तरी काही होत नाही?"

"बापरे!" ड्रायव्हर म्हणाला. "असले बूट मलाही घ्यायला हवेत. कुठल्या दुकानातले?"

येर्मोलाय रंगात येऊन दुकानाचा पत्ता सांगू लागला. आरसे, उजेड, गुडघे टेकणारी पोरगी, सगळं. दोरोफेई मात्र हसत नव्हता. तो खाली वाकला होता. बुटावर घणाच्या तोंडाची खूण उमटली होती, तिच्यावर त्याने बोट ठेवलं.

"येर्मोलाय."

"काय?"

"टोपीवर नाही पडला घण. मागे पडलाय. लेसवर. इथे लोखंड नाही, नुसतं कातडं आहे."

इंजिनाची घरघर तेवढी चालू होती.

येर्मोलायने डाव्या पायाची बोटं हलवायचा प्रयत्न केला. मग उजव्याची. तो आदेश देत होता आणि खाली कुणी ऐकत नव्हतं. आपल्याला गुडघ्याखाली काहीच नाही, आपण दोन ओंडक्यांवर उभे आहोत, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. एवढा मोठा माणूस, दोरोफेईचा दंड लहान मुलासारखा धरून उभा राहिला.

"चल. केबिनमध्ये. चल!" दोरोफेईने त्याला जवळजवळ उचललं.

ड्रायव्हर म्हणाला, "माझं इंजिन चालू आहे, मला काही होत नाही. दुसरी गाडी बोलावतो. तुम्ही पळा."

केबिनमध्ये लेस कापावी लागली. मोजा निघाला. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि कडक. दोरोफेईने नखाने टकटक केली तर लाकडावर वाजवल्यासारखा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

"चोळू का?" येर्मोलायने विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"खबरदार! हातसुद्धा लावू नकोस. अक्सिन्या बघेल."

अक्सिन्या गावच्या दवाखान्यातली बाई. तिने कोमट पाण्यात पाय ठेवले आणि बजावलं, "आता रडशील. रड, लाजू नकोस." तो रडला. रक्त परत येताना जे काही होतं ते त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता.

तेवढ्यात फेव्रोन्या आली, डोक्याला रुमाल न बांधता. त्या थंडीत गावातली बाई उघड्या डोक्याने धावताना कुणी पाहिली नव्हती. तिच्या केसांवर पांढरा थर होता. तिने आधी पाय पाहिले, मग कोपऱ्यातला बूट उचलला आणि आत सुजलेला हात घालून चाचपला.

"कितीचे घेतलेस?"

"बेचाळीस. पोरीने मोजला माझा पाय. नीट मोजला."

"नीटच मोजला. तुझा पाय बेचाळीसचाच आहे." ती मटकन बाकावर बसली. "मी तुला चव्वेचाळीसचे शिवते रे, म्हाताऱ्या."

येर्मोलाय ठणका विसरला. "काय?"

"पहिल्या जोडापासून. मोजे जायला नकोत? गरम हवेला बसायला जागा नको? बोटांना हलायला नको?"

"पण... ते तर मापाचे असायचे!"

"तू म्हणायचास तसं."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे." तिचा आवाज फाटला. "एवढी इंजिनं उघडतोस. मला वाटलं, पायातलं तरी ठाऊक असेल."

इतका संसार एका छपराखाली झाला आणि ही गोष्ट दोघांनाही आज कळत होती. अक्सिन्याने टॉवेल बदलायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

उजवा पाय पूर्ण वाचला. डाव्याचं हाड घणाखालूनही शाबूत निघालं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं. ती दोन्ही शहरातल्या डॉक्टरांनी काढली. चालशील, ते म्हणाले, कामही करशील. पण हा पाय पुन्हा एकदा गोठला तर बोटांवर थांबायचं नाही.

त्या रात्रीपासून येर्मोलायला झोपेत घणाचा तो मुका घाव ऐकू यायचा. तो दचकून उठायचा आणि अंधारात पायाची बोटं हलवून बघायचा.

नदीचा बर्फ फुटायच्या सुमारास फेव्रोन्याने कातडं काढलं, भिजवून मऊ केलं आणि त्याच्यापुढे टाकलं. वर दाभण आणि जनावराच्या शिरेचा दोरा.

"हे काय?"

"शिव."

"मी?"

"माझे हात बघ आणि मग विचार."

पहिला टाका वाकडा आला. तिने दातांनी दोरा धरून ओढला, तो सुटला. "पिन ठोकतोयस का? उसव." त्याने उसवला. दुसराही उसवायला लावला. दोरोफेई दारातून डोकावला, "शिंपीणबाई, माझी विजार पण घ्या हो शिवायला," म्हणाला आणि एक नमद्याचा तुकडा तोंडावर खाऊन पळाला.

मग तळ कापायची वेळ आली. येर्मोलायने डावा पाय कातड्यावर ठेवला आणि कोळशाने भोवती रेघ ओढली. दोन बोटांच्या जागी रेघ आत वळली. त्याने त्या वळणावर बोट ठेवलं.

"इथे आता कमी कापू?"

"वेडा आहेस का?" फेव्रोन्याने कोळसा हिसकावला, गाठाळलेल्या मुठीत धरला आणि त्याच्या रेघेच्या बरीच बाहेरून दुसरी रेघ ओढली. "उरलेल्यांना कोण सांभाळणार? काप."