पाण्यावरचा जाहीर निषेध

"लाल झेंडा कुठाय तुझा?" चेअरमन साहेबांनी विचारलं.

रुक्साना पठाण ओल्या कपड्यांत टेबलापुढे उभी होती. मुळा धरणाच्या काठावर तंबू ठोकलेला, आत आम्ही तिघं पंच, प्रमुख चेअरमन साहेब. शिडाच्या बोटींची शेवटची रेस नुकतीच संपली होती. जिंकणारा एकटाच राज्याच्या टीममध्ये जाणार होता. पुण्याचा निनाद पहिला आला, रुक्साना दुसरी. तिचं म्हणणं, निनाद नियम मोडून आडवा आला, म्हणून तिला बोट वळवावी लागली आणि पहिला नंबर हुकला.

"लहान बोटीला झेंडा लागत न्हाई ना, सर?" तिनं माझ्याकडे बघत विचारलं. ती धरणाजवळच्याच गावातली, राहुरीला कॉलेजात शिकणारी.

तिचं बरोबर होतं. मी फौजेत असताना शिडाची बोट चालवायला शिकलो. रिटायर होऊन नगरला आल्यापासून रेसला पंच म्हणून जातो. या खेळात पाण्यावर शिट्टी फुंकणारा रेफ्री सहसा नसतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच तिथल्या तिथे ओरडायचं, "प्रोटेस्ट!" मोठ्या बोटीनं सोबत लाल झेंडाही दाखवायचा. सहा मीटरपेक्षा लहान बोटीला ओरडणं पुरतं. पण लगेच ओरडायला हवं, कारण चूक कबूल असेल तर समोरचा तिथेच बोटीच्या दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगू शकतो आणि विषय मिटतो. काठावर येऊन चहा पिताना आठवलं, तर उपयोग नाही.

हे मी चेअरमन साहेबांना सांगितलं. म्हणाले, "साळवे, मला नियम शिकवू नका."

मग कुणी शिकवायचे? पंचांच्या प्रमुखालाच झेंड्याचा नियम माहीत नाही आणि दरडावतोय पोरीला!

"बरं, ओरडलीस का?" त्यांनी पुढे विचारलं.

"व्हय सर. लगेच. दोनदा वरडले."

"काय ओरडलीस?"

ती घुटमळली. "जाहीर निषेध."

शेजारी उभा असलेला निनाद फिस्सकन हसला. चेअरमन साहेबांनाही हसू आवरेना. "अगं बाई, ही रेस आहे. तहसील कचेरीवरचा मोर्चा नाही. 'प्रोटेस्ट' म्हणायचं असतं, एवढं कळत नाही? तक्रार बाद."

"त्या टायमाला तोंडात त्योच शब्द आला, सर." ती म्हणाली.

माझं डोकं सणकलं. तिच्या चुकीला हसणं सोपं होतं. पण आमच्याकडे रस्ता नाही, पाणी नाही, एसटी नाही, की लोक हाच शब्द ओरडतात. समोरून कुणी अंगावर आलं, तर तिच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"तक्रार बाद होत नाही," मी म्हणालो. "ओरडायला इंग्रजीच पाहिजे असं नियमात नाही. दुसरी भाषा चालते. समोरच्याला ती कळेल, असं मानायला जागा हवी, इतकंच."

"पण निनादला ऐकूच आलं नाही. हो ना रे?" चेअरमन साहेबांनी परस्पर विचारलं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालणं म्हणतात ते हेच.

"नाही सर. वारा खूप होता."

"म्हणजे ती गप्प होती?" मी विचारलं.

"गप्प नाही. ओरडत होती काहीतरी. पण प्रोटेस्ट नाही म्हणाली."

"मग काय म्हणाली?"

"निषेध वगैरे. मला वाटलं, नुसता निषेध करतेय."

तिसऱ्या पंच देशपांडे मॅडम इतका वेळ सगळं लिहून घेत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निनाद, तिला काय म्हणायचंय ते तुला कळलं होतं. मग गिरक्या का नाही घेतल्यास?"

तक्रार ऐकायची, असं दोन विरुद्ध एक मतांनी ठरलं. नियम साधा होता. ज्या बोटीला उजवीकडून वारा लागतो, तिला दुसरीनं वाट द्यायची. उजवीकडून वारा रुक्सानाला होता. मागून येणाऱ्या खेळाडूनं तसं सांगितलं आणि शेवटी निनादनंही मान्य केलं. त्याची बोट त्या रेसमधून बाद झाली. रुक्साना पहिली आली, टीममध्ये गेली.

निघताना चेअरमन साहेब तिला म्हणाले, "पुढच्या वेळी इंग्रजीत ओरड." सल्ला खोटा नव्हता. केरळच्या बोटीला निषेध कळायचा नाही, प्रोटेस्ट कुठेही चालतं. पण हसण्याबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

नव्या पंचांना मी आता एवढंच सांगतो. ऐकू आलं नाही असं कुणी म्हणालं, की नेमकं काय ऐकू आलं नाही, ते त्याला विचारा.