मैलापुरात राहिलेलं पुस्तक

सोलापूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत शेंगाची चटणी होती, कडक भाकरी होती आणि वाचनालयातून आणलेली एक जुनी, गाजलेली विज्ञानकादंबरी होती. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयाने शिकवलं, त्यामुळे बायकांनी काय वाचू नये हे मला कुणी सांगितलेलंच नाही.

कादंबरीत एक दूरचा ग्रह आहे. गावाच्या मधोमध लोखंडी दार. त्यामागे देव झोपलाय, असं पुजारी सांगतात. दाराजवळ कोणी बसायचं आणि मागे कोणी, हेही म्हणे देवानेच ठरवलंय. आणि शेवटच्या रांगेत झाडलोट करणारी एक पोर विचारते, "कुणी उघडून बघितलंय का?" झालं! तिथून अख्खं गाव ढवळून निघतं. चेन्नई सेंट्रल आलं तेव्हा पोरीचा हात कडीवर होता आणि माझं शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

न्यायला मंदार आला, माझा मुलगा. श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात असतो, राहतो वेलचेरीत. मी आले होते त्याच्या लग्नाचं बघायला. मुलगी कावेरी, चेन्नईतल्याच मैलापूरच्या, तीनेकशे वर्षांपूर्वी दक्षिणेत गेलेल्या तंजावर मराठी घरातली. दोघांचं कधीच ठरलेलं. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. अप्पा मंदारला म्हणाले होते, "तुज पाहिलें. आतां तुझे आईस पाहूं, मग सांगूं."

दुसऱ्या दिवशी नवमी. इथे खंडेनवमीचा थाट काय वर्णावा! कंपनीच्या बसगाड्यांना केळीचे खांब, रिक्षांना झेंडूच्या माळा. दृष्ट काढून रस्त्यात कोहळे फोडलेले, पोटात कुंकू भरलेले. त्यातल्याच एकावर माझा पाय सरकला. मंदारने दंड धरला आणि म्हणाला, "आई, पडायचंच असेल तर अप्पांनी हो म्हटल्यावर पड."

लोकलमध्ये त्याने पुन्हा बजावलं. "ते पुस्तक तिथे काढू नकोस. अप्पा रोज दोन तास पूजा करतात."

"मी कशाला काढतेय?" मी म्हटलं. आणि खरंच, मी नाही काढलं.

दारात अप्पा उभे. शिडशिडीत, कपाळाला विभूती, पांढरी वेष्टी (लुंगीसारखं नेसलेलं धोतर). "या अक्का, बैसा. प्रवास सुखाचा जाहला ना?" एखादी जुनी पोथी बोलायला लागावी तसं वाटलं मला. मध्येच तमिळ 'सेरी' (बरं) येई आणि पोथी पुन्हा मैलापुरात उतरे.

आत कोलू मांडलेला (पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास), शेजारी सरस्वतीसमोर पुस्तकांची चवड. कावेरीच्या आईने सुंडल (फोडणी दिलेले चणे) हातात ठेवलं. माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक त्यांना दिसलं आणि त्या हरखल्या. "पूजेस आणिलें? फार उत्तम!" मी तोंड उघडेपर्यंत पुस्तकाला चंदन-कुंकू लागलं आणि ते चवडीच्या अगदी माथ्यावर जाऊन बसलं. मंदारचा चेहरा त्या कोहळ्यासारखा झाला.

आपल्याकडे पाटीपूजन असतं. इथे त्यापुढचा नियम आहे: पूजेत ठेवलेलं पुस्तक दसऱ्याच्या सकाळपर्यंत उघडायचं नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. घरातला पेपरसुद्धा घडी घालून ठेवलेला. पोरीचा हात कडीवर, आणि मी उद्यापर्यंत थांबायचं! गाडीभर त्या पोरीला 'विचार गं, विचार' म्हणणारी मी, इथे कुणाला काही विचारलं नाही. मुकाट सुंडल खाल्लं.

दुपारी सगळे आडवे झाले. मी हळूच देवापाशी गेले, तर तिथे अप्पा आधीच हजर! हात पाठीमागे बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान वाकडी. माझ्या पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचत होते.

"अप्पा, आज वाचायचं नसतं ना?"

ते दचकले. "हात कोठें लाविला?"

"बंदी हाताला आहे की डोळ्यांना?"

"अक्का, तुम्ही कशास आलां?"

"देवीला नमस्कार करायला."

"मीही तयासच."

मग दोघांनीही नमस्कार केला, करावाच लागला. जाता जाता अप्पा कुजबुजले, "ती दार उघडिते काय?"

"तेच तर मला ठाऊक नाही!"

दसऱ्याला सकाळी पूजा आटोपली की प्रत्येकाने आपल्या पुस्तकातलं थोडं मोठ्याने वाचायचं. "प्रथम तुम्ही," अप्पा मला म्हणाले. मंदार खोकला. त्याने चवडीतली स्तोत्रांची पोथी हळूच माझ्याकडे सरकवली. क्षणभर वाटलं, घ्यावी. लेकाचा संसार मोठा की माझं पुस्तक? पण खोटी सासू दाखवून सून आणायची, तर मग आयुष्यभर खोटंच वागावं लागणार. मी माझं पुस्तक उचललं.

"'दारामागे देव असेल,'" मी वाचलं, "'तर त्याला भेटायची भीती कसली? आणि नसेल, तर आपण इतकी वर्षं मागच्या रांगेत कुणाच्या सांगण्यावरून बसलो?'"

स्वयंपाकघरातला डाव थांबला. कावेरी वडिलांकडे बघत राहिली. मंदारने डोळे मिटून घेतले.

"पुढें?" अप्पा म्हणाले.

दीड पान वाचलं. इडल्या आल्या तेव्हा अप्पांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. चंदनाच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. "लहानपणीं मींही पुसिलें होतें," ते म्हणाले, "पंगतींत कोणास मागें बैसवितां, कां बैसवितां. थोबाडींत बसली. मग पुसणेंच सोडिलें."

लग्नाविषयी मात्र चकार शब्द नाही. मंदार दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही.

परतीच्या दिवशी अप्पा स्टेशनवर आले, हात हलवत.

"पुस्तक?" मी विचारलं.

"चार पानें उरलीं."

"अहो, वाचनालयाचं आहे ते! बरं, उघडते का दार, तेवढं तरी सांगा."

गाडी हलली. खिडकीला धरून अप्पा चार पावलं चालले. "मुहूर्त काढावयास याल तेव्हां सांगूं, विहीणबाई!"

त्यांच्यामागे मंदार फलाटावर तोंड उघडं टाकून उभा होता.

सोलापुरात वाचनालयातल्या बाईंनी कपाटातून दुसरी प्रत काढून समोर ठेवली. "घ्या, शेवट वाचून टाका." मी हात लावला नाही. चेन्नईत थांबले ती नियमापायी. आता थांबलेय ती माझ्या मर्जीने. आणि खरं सांगू? अप्पांच्या तोंडून ऐकायचंय मला, ते दार उघडलं की नाही. शेंगा भाजायला घेतल्यात. या खेपेला चटणी दोन डबे नेईन.