एकातच होतंय की

“एकातच होतंय की!” हे आबांचं उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असे. बाजारात भाजीवाली दुसरी पिशवी काढू लागली की ते तिच्यापुढे पंजा आडवा धरत आणि एवढंच म्हणत. कांदे, मेथी, साबण, सगळं एकाच पिशवीत. मेथीला साबणाचा वास लागे. आबांची तक्रार नसे.

अशी खोड असलेला एखादा म्हातारा तुमच्याही गल्लीत असेल. आबांची खोड मात्र नोकरीतून आलेली होती. मी दौंड स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होतो, ते रनिंग रूममध्ये स्वयंपाकी. ड्यूटी संपवून विसाव्याला आलेले ड्रायव्हर आणि गार्ड आपापला शिधा आणत आणि आबा तो शिजवून देत. ज्याचा त्याचा वेगळा. सोलापूरच्या ड्रायव्हरचा भात एका डब्यात, मनमाडच्या गार्डाचा दुसऱ्या. झाकणांवर खडूच्या खुणा. अठरा डबे, अठरा भात.

“आबा, हे तर अठरापगड जेवण झालं,” मी एकदा म्हणालो.

“भाऊसाहेब, तांदळात तांदूळ मिसळला तर काय बिघडतंय? पर जो तो आपल्याच डब्यात वाकून बघतोय.”

मॅकरोनी त्यांना एका म्हाताऱ्या ख्रिश्चन गार्डानं शिकवली. कांदा, लसूण, टोमॅटो परतायचे, त्यातच कच्ची मॅकरोनी टाकायची, वर पाणी, आणि झाकण. दुसरं भांडं लागत नाही. “पाणी वतून द्यायचं न्हाई,” आबा बजावत, “त्येच्यातच आटवायचं. कुणालाच भाईर काढायचं न्हाई.”

ते निवृत्त होऊन घरी बसले तोवर घरात एका चुलीच्या दोन झाल्या होत्या. दोन मुलगे, दोन सुना. थोरली वडगाव रासाईची, धाकटी पाबळची. आमटीत कुणाच्या माहेरचा मसाला पडणार, यावरून सगळं सुरू झालं. याहून किरकोळ कारणांवरून मोठमोठ्या परिषदा मोडल्याचं मी वाचलं आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वाटणीत आबाही निघाले. सकाळी थोरल्याकडे, संध्याकाळी धाकट्याकडे.

एका शनिवारी त्यांनी अंगणात स्टो मांडला आणि त्यावर मोठं पातेलं चढवलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“भाऊसाहेब, ही मॅकरोनी वडगावची न्हाई आन् पाबळचीबी न्हाई. कुणाच्याच म्हायेरची न्हाई. आता भांडतील कशावरनं?”

तहाचं इतकं शहाणं कलम मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

चव, खरं सांगायचं तर, बेताचीच होती. मॅकरोनी जरा गिच्च झालेली. पण अंगणात एकच पंगत बसली. दोघे भाऊ खाली मान घालून जेवत होते. मध्येच धाकटी म्हणाली, “ताई, मीठ सरकवा जरा.” वर्षभरात ती थोरलीशी बोलल्याची ही पहिलीच वेळ. आबांचा घास तोंडाशीच थांबला. मीठ सरकल्यावर तो आत गेला.

असे चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारी आबा हात धुवायला वळले तेवढ्यात थोरलीनं पातेल्यात चिमूटभर आपला मसाला टाकला. धाकटीनं तो पहिल्याच घासाला ओळखला.

“वडगाव घातलंय व्हय यात?”

“चव न्हवती म्हणून घातला. पाबळच्या जिभंला काय कळायचं!”

धाकटीनं ताट सरकवलं आणि ती उठली. मागोमाग धाकटाही उठला.

पुढच्या शनिवारी मी गेलो, तर स्टोजवळ दोघांच्या दोन मुली रिकामी पातेली घेऊन उभ्या होत्या. “आबा, आईनं सांगितलंय, आमचं येगळं शिजवा,” एक म्हणाली. दुसरीचाही निरोप तोच होता. आबा उकिडवे बसून झाकणांवर खडूनं खुणा करत होते. एकावर फुली, एकावर गोल. मला पाहून हसले.

“बघा भाऊसाहेब, परत ड्यूटीवर आलो.”

त्यानंतर बाजारात भाजीवालीनं दुसरी पिशवी काढली तरी ते काही बोलत नसत.

त्याच वर्षी हिवाळ्यात आबा गेले. दहाव्याला भीमेच्या काठी पिंडाशेजारी दोन पानं मांडली होती. आबांची आवड म्हणून दोन्हींवर मॅकरोनी. एका पानाला वडगावचा वास, दुसऱ्याला पाबळचा. कावळा शिवला नाही तर काय कबूल करावं लागणार, हे जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं: ‘आबा, आम्ही एकत्र जेवू.’ दोघे भाऊ नदीकडे बघत उभे होते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी मनात म्हणत होतो, बाबा रे, येऊ नकोस. जरा थांब.

कावळा लगेच आला. दोन्ही पानांवर चोच मारली आणि उडाला.

“काय इच्छा राहिली न्हवती त्येंची,” थोरला सुस्कारा टाकून म्हणाला.

“समाधानानं गेलं आबा,” धाकटा म्हणाला.

दोघांचं इतकं एकमत मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. काठ चढताना मागून धाकटीचा आवाज आला, “आमच्या पानाला आदी शिवला.”

“डोळं तपासून घे,” थोरली म्हणाली.

वर रस्त्यावर घरच्यांसाठी दोन जीपा उभ्या होत्या. घरचे सगळे मिळून आठ जण. एकीतच झालं असतं.