पाण्याच्या गाडीवरच्या नऊ चिठ्ठ्या

रविवारी सकाळी साडेआठला कोर्बिनियान वीसबोक नव्या गाडीवरून घाट उतरून आला, तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहून कुणालाच काही कळेना. गाडी आवडली म्हणावं तर हसू नाही, नाही आवडली म्हणावं तर तक्रार नाही. त्याने हेल्मेट काढून पोटाशी धरलं आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बाजारात गाय बघावी तशा.

"काय रे कोर्बी, शेपूट शोधतोयस होय तिचं?" क्विरीन बेकरीवाला ओरडला.

"टायरमधली हवा कुणी बघितली होती?"

"मी. दोनदा," इर्मी म्हणाली. इर्मी गावची गुरांची डॉक्टर. ती दोनदा म्हणाली म्हणजे दोनदाच.

"हं," म्हणून कोर्बिनियान खाली वाकला आणि पुढच्या टायरला उगाच अंगठा लावून उभा राहिला.

हा माणूस चौसष्ट वर्षांचा. त्यातली एकतीस वर्षं त्याने रस्तेखात्यात बर्फ लोटणारी गाडी चालवली, आणि तीही याच घाटात. नोव्हेंबर ते मार्च, पहाटे चारपासून, जेव्हा समोर पांढऱ्याशिवाय काहीच दिसत नाही तेव्हा. कुठल्या वळणाला रस्ता किती वाकतो, कुठे खाली झुकतो, कुठे बाजूचा ओढा फुटून डांबर ओलं होतं, हे त्याला आपल्या घराच्या जिन्यासारखं ठाऊक. म्हणून गावच्या मोटरसायकल मंडळाने सव्वीस वर्षांपूर्वी त्याला पुढचा मान दिला. दर जूनमध्ये मंडळ चार दिवस डोंगरापलीकडे इटलीत उतरतं. सगळ्यात पुढे कोर्बिनियान, मागे बाकीचे सहा. पुढच्याला ओलांडायचं नाही. तो वळेल तसं वळायचं, तो थांबेल तिथे थांबायचं. धुक्यात तर मागच्यांना त्याच्या लाल दिव्याशिवाय काही दिसतही नाही, आणि सगळे बिनघोर त्याच्या मागे जातात.

त्याची स्वतःची गाडी जुनी. दोन्ही बाजूंना कोपर काढून बसल्यासारखे तिचे दोन सिलिंडर, आणि त्यांना थंड करायला फक्त वारा. थंडीत थांबलं की हातमोजे त्या सिलिंडरवर ठेवून शेकायचे, हा त्याचा नेम. आता कारखान्याने त्याच ठेवणीच्या नव्या गाडीत पाणी खेळवलं होतं, आणि गेले चार महिने गावात दुसरा विषय नव्हता. क्विरीनच्या मते ही मोटरसायकल नसून चहाची किटली होती. क्सावर सुतार म्हणे, पाणी आलं म्हणजे नळ्या आल्या, नळ्या आल्या म्हणजे गळती आली. इर्मी म्हणायची, आधी बसा तरी, मग बोंबला. शेवटी शहरातल्या विक्रेत्याने एका रविवारपुरती एक गाडी पाठवली.

मंडळाची यात ठरलेली रीत होती. प्रत्येकाने एकदा वरच्या छोट्या चर्चपर्यंत जाऊन यायचं, खाली आल्यावर गाडी कशी वाटली यावर कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठी बिअरच्या दगडी मगात टाकायची. अकरा वाजता सगळ्या चिठ्ठ्या पुढच्या मानकऱ्याने मोठ्याने वाचायच्या. शब्द न गाळता, मग त्यात शिवी असली तरी. आणि शेवटी त्याने निकाल द्यायचा. त्याने 'चांगली' म्हटल्याशिवाय गावात कुणी गाडी बदलत नसे. मागे बसणाऱ्या बायकांनीही लिहायचं, पण त्यांनी आपल्या नवऱ्यामागे बसायचं नाही. हा नियम खुद्द कोर्बिनियानने केलेला. एकदा क्विरीनच्या बायकोने गाडीबद्दल लिहायला घेतलं आणि सबंध चिठ्ठीभर क्विरीनबद्दलच लिहिलं, तेव्हापासून.

म्हणून त्याची बायको बुर्गी आज इर्मीच्या मागे बसली. दोघी वर निघाल्या आणि कोर्बिनियान चिठ्ठी घेऊन हॉटेलच्या अंगणात चेस्टनटच्या झाडाखाली बसला. पेन्सिल हातात, कागद कोरा.

काय लिहायचं? गाडी सरळ रस्त्यावर लोण्यासारखी गेली होती. क्लच दोन बोटांनी दाबता येत होता. काचेमुळे छातीवर वारा नाही. बटण दाबलं की 'पाऊस', दुसरं दाबलं की 'रस्ता', तिसरं दाबलं की 'माती', असं सगळं लिहून येत होतं. पण लाकडाच्या वखारीपाशी उजवं वळण घेताना ती बाहेर गेली होती. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, आणि ती मधली पांढरी रेघ ओलांडून पलीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. तो चपापला, पण म्हटलं असेल, नवी गाडी. मग गुरांच्या फाटकापाशी तसंच. मग चर्चच्या खालच्या वळणाला तिसऱ्यांदा, आणि त्या वेळी समोरून एक गाडीवाला येत होता. या रस्त्यांवर समोरचा मोटरसायकलवाला दिसला की डावा हात सोडून सलाम करायचा, ओळख असो नसो. त्या माणसाने हात सोडला नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून तो पार कडेच्या गवताला जाऊन चिकटला.

सलाम का केला नाही त्याने? कोर्बिनियानला राहून राहून तेच आठवत होतं. सलाम न करणारा माणूस त्याने सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

वळण तर त्याला पाठ. मग गाडीतच खोट असणार. त्याने एकदाचं लिहिलं: 'उजव्या वळणावर बाहेर जाते. जपून.' आणि लिहूनही त्याला बरं वाटलं नाही. कारण गाडीत खोट नसेल तर ती कुणात, हा प्रश्न त्याला सुचला होता, आणि तो त्याला मुळीच आवडला नव्हता. जून पाच आठवड्यांवर आला होता.

इर्मी आणि बुर्गी परत आल्या. बुर्गीचे गाल लाल झाले होते. एकसष्टाव्या वर्षी ती गाडीवरून टुणकन उतरली.

"कशी वाटली गं?" त्याने विचारलं.

"चिठ्ठीत लिहीन. नियम तुझाच ना?" असं म्हणून ती कागद घेऊन थेट पलीकडच्या बाकावर गेली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मध्ये एकदा तिने लिहिलेलं खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

अकरा वाजले. टेबलावर वाफाळत्या पांढऱ्या सॉसेजचं भांडं आलं, गोड मस्टर्ड आलं, गाठ मारलेले खारे पाव, म्हणजे प्रेट्झेल, आले. घरी गाडी चालवतच जायचं, म्हणून सगळ्यांपुढे बिनदारूची बिअर. कोर्बिनियानने चष्मा चढवला, चिठ्ठ्यांचा मग जवळ ओढला आणि पहिली चिठ्ठी काढली.

"'आवाज कुठे गेला? शिवणाचं मशीन चालवल्यासारखं वाटलं.'"

"बरोबर आहे," क्विरीन म्हणाला.

"म्हणजे तुझीच ती," क्सावर म्हणाला. "शिवणाचं मशीन तुझ्याशिवाय कुणाला आठवणार? पँट घट्ट होते तुझी दर महिन्याला."

"'आवाज फार. शेजारी तक्रार करतील.'" ही दुसरी.

लोक हसले. कोर्बिनियान चष्म्यावरून बघत राहिला. एकच गाडी, एकच घाट, आणि एकाला आवाज नाही, दुसऱ्याला फार?

तिसरी म्हणे, गुडघ्याला ऊब लागते, म्हातारपणी बरी. चौथी म्हणे, गुडघे भाजले. पाचव्या चिठ्ठीत लिहिलं होतं की वळणावर ती रुळावरून गेल्यासारखी वळते, हात सोडले तरी चालेल. सहावीतही तेच, 'इतकी शहाण्यासारखी वळणारी गाडी मी चालवली नाही.' सातवी चिठ्ठी उघडच क्सावरच्या बायकोची होती, तिला सगळ्यांत जास्त मागची गादी आवडली होती, 'आमच्या सोफ्यापेक्षा बरी.' वळणाचं तिनेही कौतुक केलं होतं.

आठवी चिठ्ठी उघडली तेव्हा कोर्बिनियानने घोट घेतला. स्वतःचंच अक्षर ते.

"'उजव्या वळणावर बाहेर जाते. जपून.'"

हसण्याने टेबलच हाललं.

"कुणी लिहिलं रे हे?" क्विरीनच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "परत शाळेत घाला त्याला! आठवड्यातून दोनदा, सायकलवर!"

"नाही, पण खरंच," इर्मी हसत नव्हती, "मी दोन-दोन वेळा तपासलं. हवा, स्प्रिंगा, सगळं. गाडी बाहेर जात नाही. ज्याने कुणी लिहिलंय त्याने डोळे तपासून घ्यावेत."

"हो ना," कोर्बिनियान म्हणाला आणि तोही हसला. कान मात्र तापले. त्याला आता काहीच सुधरत नव्हतं. तिघं म्हणतात रुळावरून गेली, तो म्हणतो बाहेर गेली. ते सगळे खोटं कशाला बोलतील? आणि आपण तरी खोटं कुठे लिहिलंय? रेघ ओलांडली होती, ही गोष्ट खरी होती. त्याने स्वतः पाहिली होती. पण ओलांडून झाल्यावर पाहिली होती, हे त्याला आत्ता, सॉसेजची साल काढता काढता, पहिल्यांदा लक्षात आलं.

मगात एकच चिठ्ठी राहिली होती. त्याने ती उघडली आणि त्याला कळलं की ही बुर्गीची. बेचाळीस वर्षं किराणाच्या याद्या वाचलेलं अक्षर. त्याची नजर खालच्या ओळीवर गेली आणि तिथेच अडकली.

नियम शब्द न गाळता वाचायचा होता. पण चिठ्ठी नुसती घडी करून 'छान आहे म्हणते' म्हणालं असतं तर कुणी हातातून ओढून घेणार नव्हतं. इतकी वर्षं त्याच्यावर कुणी संशय घेतला नव्हता, आणि आजही घेतला नसता.

त्याने घसा खाकरला आणि वाचलं.

"'गाडीतलं मला कळत नाही. पण आज मी वळणांवर डोळे उघडे ठेवले होते. चर्चच्या खाली उतारावर पिवळी फुलं आली आहेत, ती पाहिली. मागच्याच्या मागच्या शरदापासून मी डोळे मिटून बसते.'"

क्विरीनने प्रेट्झेल तोंडापाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. मागे बसणाऱ्या दोनच बायका होत्या, आणि क्सावरची बायको सोफ्याबद्दल लिहून मोकळी झाली होती. तरी कुणीही बुर्गीकडे पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त कोर्बिनियानने.

"दीड वर्ष?" तो हळू म्हणाला.

"हो."

"मग बसायचीस कशाला?"

"नाहीतर तू एकटा गेला असतास," बुर्गी म्हणाली. तिचे हात टेबलाखाली होते. "तुला सांगणार होते. दर वेळी घरी पोचलो की वाटायचं, पोचलो ना, मग कशाला."

कोर्बिनियानला राग यायला हवा होता, चारचौघांत बायकोने असं लिहिलं म्हणून. तो आला नाही. त्याला भीती वाटली. जूनमधल्या धुक्यात आपल्या लाल दिव्यामागे बिनघोर येणारी सहा माणसं त्याला दिसली. त्याने चिठ्ठीची घडी केली, ती मगात टाकली नाही, खिशात ठेवली. निकालाची वाट बघत सगळे बसले होते.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. वळणावर बाहेर जात नाही. ती चिठ्ठी माझी होती."

क्विरीनने मान खाली घातली.

"जूनमध्ये पुढे इर्मी."

"कोर्बी, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तर जा," इर्मी म्हणाली. "मोतीबिंदू असेल साधा. काढतात तो."

"जातो. पण पुढे तू."

"आणि तू?" बुर्गीने विचारलं.

कोर्बिनियानने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा काढला.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. घाटाबद्दल, बर्फाबद्दल, गाडीबद्दल हे शब्द त्याच्या तोंडून या टेबलावर कुणी ऐकले नव्हते.

बुर्गीने हात पुढे केला. त्याने जुन्या गाडीची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, आणि दोघं चालत घरी गेली.