राधेचा डावा गाल

महिपत घाग पहिल्यांदा कोकणातल्या नमनाच्या खेळात राधा झाले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. आता पन्नाशी उलटली. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. पण गुहागरकडच्या त्यांच्या वाडीच्या मुंबईकर मंडळात राधा अजून त्यांचीच. यंदा मात्र मंडळाचे म्होरके हरिश्चंद्र म्हणाले, "महिपत, राधेच्या डोळ्यांखाली पिशव्या लोंबतायत. रविवारी तालमीला बघू. नाहीतर साडी स्वप्नीलला." स्वप्नील कुरिअरवाला. तोंडावर एक रेघ नाही.

महिपतांची लेक मिनल औषधांच्या दुकानात कामाला. फ्रिजमधल्या तिच्या सीरमच्या बाटलीला महिपतांनी हात लावला, तोच ती ओरडली, "पप्पा, ठेवा ते! व्हिटॅमिन सी आहे. सारखं उघडलं तर काळं पडतं."

"करतं काय पण?"

"अँटिऑक्सिडंट असतं. उन्हाधुराने कातडी लवकर म्हातारी होते, ते जरा रोखतं. महिनोन् महिने लावावं लागतं."

"आणि हे येतं कशातून?"

"असतं फळांत. संत्री, आवळा, आपल्या कोकमातसुद्धा."

महिपतांना एवढं पुरे होतं. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, गावाहून आलेलं, बाटलीभर घरातच होतं. रविवारी सकाळी त्यांनी गुळगुळीत दाढी केली. नवीन काही लावताना आधी थोड्या जागेवर लावून बघावं, असं मिनल गिऱ्हाइकांना सांगते, म्हणून त्यांनी फक्त डाव्या गालाला चोपडलं. आगळात मीठ असतं, हे त्यांना गालानेच कळवलं.

किंकाळी ऐकून बायको शालू धावत आली. "अहो, सोलकढीचं सामान ते! तोंडाला काय फासताय?"

धुतल्यावरही गाल लालभडक, वर सुजलेला. तसेच ते पदर घेऊन तालमीत उभे राहिले. मावशीचं काम खुद्द हरिश्चंद्रांचं. ते ठरलेलं वाक्यच विसरले.

"अगो बाय राधे, थोबाड कुणी रंगवलं तुझं?"

महिपतांनी पदर ओढला. "सासूनं गं मावशी! लोणी खाल्लं तुमच्या किसनानं, आणि मार मला!"

ढोलकीवाला ढोलकीवरच आडवा झाला. स्वप्नीलने तर शिट्टी मारली.

"राधा तुझीच," हरिश्चंद्र डोळे पुसत म्हणाले. "पण प्रयोगाला गाल अस्साच पायजे."

संध्याकाळपर्यंत गाल पूर्ववत झाला. प्रयोगापर्यंत पुरेल ना, म्हणून महिपतांनी काळजीने आगळाची बाटली उजेडात धरून पाहिली. शालूने ती काढून घेतली.

"ह्याची नासाडी नको," ती म्हणाली. "प्रयोगाच्या आधी मला हाक मारा."