डोळे मिटून बोलणारी मामी

आमच्या थोरल्या मामीइतकं देवाच्या मागे लागलेलं माणूस अख्ख्या श्रीरामपूर तालुक्यात दुसरं सापडणार नाही, आणि सापडलंच तर ते मामीच्याच हाताखाली तयार झालेलं असणार. बाकीचे लोक देवाची प्रार्थना करतात, मामी देवाकडे पाठपुरावा करते. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे चौथ्यांदा गेलेला माणूस ज्या सुरात बोलतो, त्याच सुरात ती डोळे मिटून म्हणते, "हे प्रेमळ बापा, थोरल्याच्या बदलीचं मागच्या बुधवारी बोलले हुते, त्याचं अजून काई कळलं न्हाई." देव चांगला आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. पण त्याच्यामागे कामं फार, तेव्हा आठवण करून द्यायला कुणीतरी पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण, हे तिनं फार पूर्वीच ठरवून टाकलेलं आहे.

तिला प्रार्थनेला काहीही चालतं. नवा टेम्पो, नवी सून, पहिल्यांदा व्यायलेली शेळी, शिट्टी न देणारा कुकर. तिचे तिन्ही मुलगे बाहेरगावी असतात. त्यांना ती रोज सकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावते आणि लगेच डोळे मिटते. मग फोन कुठे तोंड करून धरलाय याचं तिला भान राहत नाही. पुण्याच्या सुनेला गेली कित्येक वर्षं रोज वीस मिनिटं छताचा पंखा दिसतो. गेल्या नाताळात सून घरी आली, वर बघितलं आणि म्हणाली, "मामंजी, पंख्याचं एक पातं वाकलंय, मला तिकडूनच कळलं हुतं." थोरले मामा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, अत्यंत अबोल गृहस्थ. संसारात त्यांच्या वाट्याला बोलायला एकच शब्द आला, आमेन, आणि तोही ते फार वाट बघून म्हणतात.

सकाळची एसटी गावातून श्रीरामपूरला निघायची, तर मामी खिडकीखाली उभी. आत तिचा कुणी नातेवाईक असायलाच पाहिजे असं नाही. ब्रेक, चाकं, वळणावरचे उसाचे ट्रॅक्टर, सगळ्यांचा उल्लेख होईपर्यंत गाडी हलत नसे. ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचा, "मामी, आमेन म्हना, टाइम झाला." मामी एक डोळा उघडून उत्तर द्यायची, "तुझंच चाललंय बाबा, मधी बोलू नको." तो मग स्टिअरिंगवरचे हात काढून घ्यायचा. त्याचं नाव घेऊन कुणी काही मागतंय हे त्यालाही मनातून आवडत असावं.

तिच्या प्रार्थनेची खरी गंमत, आणि खरा धोका, म्हणजे तपशील. देवाला सगळं ठाऊक असतं असं ती इतरांना सांगते, पण स्वतः मात्र त्याला सगळं सविस्तर सांगते. तिची एक निळी वही आहे. त्यात पानापानावर एकेकाचं नाव आणि खाली त्याचं दुखणं, अडचण, भानगड. मी सहावीत असताना सुट्टीत तिच्याकडे होतो. गणितात अकरा मार्क पडल्याचं मी फक्त तिला सांगितलं होतं, शपथ घालून. मला न्यायला आई आली, जेवणं झाली, मामीनं डोळे मिटले. "बापा, ह्या लेकराला गनितात अकराच पडलेत, अन् ते त्यानं अजून आईला सांगितलेलं न्हाई. त्याला धीर दे." धीर मिळायच्या आत पाठीत धपाटा मिळाला. मी नंतर भांडलो तर ती मनापासून चकित झाली. "मी कुठं तुझ्या आईला सांगितलं? मी देवाला सांगितलं," असं म्हणाली. हे ती पळवाट म्हणून बोलत नव्हती. डोळे मिटले की तिच्यासाठी खोलीत दुसरं कुणी उरतच नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं देऊळ दगडी, जुनं. झाडलोट मामीची, फुलं मामीची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांना वाटायचा पाव आणि मनुकांचा रस, तेही मामीचंच. आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या, पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायचे, बोटाएवढे पेले पुसून ताटात लावायचे. हे काम चालू असताना ती कुणाला बोलू देत नाही आणि स्वतःही बोलत नाही. मामीला गप्प बघायचं तर एवढी एकच वेळ. कडा मात्र आम्हा पोरांच्या. मी अजूनही पाव खाताना आधी कडा खातो.

अशी ही मामी चार वर्षांपूर्वी चुकली. आणि चूक अशी, की जी फक्त तिलाच करता आली असती.

धाकट्या मामीचं, म्हणजे शालनमामीचं, घर थोरलीच्या घराला लागूनच, मध्ये एक अंगण आणि एक नळ. धाकटीची मुलगी एस्तेर, नगरला नर्स आहे. तिला लहानपणी फिट यायच्या. पुढे त्या थांबल्या, सात वर्षांत एकदाही आली नाही. तिचं लग्न ठरत आलं होतं. सोनईकडची माणसं मुलगी बघून, घर बघून, रविवार म्हणून उपासनेला थांबली. तिसऱ्या बाकावर बसली. त्यांना फिटांचं सांगायचं धाकटीच्या मनात होतंच, पण जेवणानंतर, शांतपणे, आपल्या तोंडानं. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, कुणाला आभाराची प्रार्थना करायची असेल तर करा. मामी उठली. तिचा जीव आनंदानं इतका भरून आला होता की काय सांगू. "बापा, आमच्या एस्तेरच्या फिटा तू सात वर्सं थांबवल्यास, तुझे लई उपकार. आता सासरीबी अशाच थांबव." तिनं आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा तिसरा बाक उठत होता. जेवायलाही ती माणसं थांबली नाहीत.

धाकटी मामी एक शब्द बोलली नाही. ना त्या दिवशी, ना पुढे चार वर्षं. तोंडाला तोंड नाही. एस्तेर स्वतः महिन्याभरात हसायला लागली, "मोठ्या आईनं आधीच माणसं पारखून दिली," म्हणायची. पण आईचं काळीज ते, निवळलं नाही. नळ तर एकच. पाणी आलं की थोरली अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "बापा, नळाला पानी आलंय हे ज्यांना ठाऊक नसंल त्यांना कळू दे." दोन मिनिटांनी धाकटी घागर घेऊन बाहेर यायची, भरायची, निघून जायची. देवाचा असा वापर मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी सुट्टीत जातच होतो, पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. प्रभुभोजनाचं ताट स्त्रियांच्या बाकांकडे वळलं की मामी उठायची. कधी दाराशी पोरं दंगा करतात म्हणून, कधी पंखा बंद करायला. ताट पुढे गेलं की परत येऊन बसायची. एका रविवारी ती पेले विसळत असताना मी विचारलं, "मामी, तू घेत नाहीस?"

तिनं मान वर केली नाही. "मनात कुनाशी वाकडं असताना प्रभूच्या मेजाशी जाऊ नये. चार वर्सं झाली."

"मग शालनमामीशी बोल ना एकदा."

"लई डाव मागितली माफी. रोज मागते. त्यानं कवाच माफ केलं, तो लगेच करतो." ती पेला पुसत राहिली. "शालनला काय सांगू? मला डोळे मिटल्याशिवाय खरं बोलताच येत न्हाई रं, भाचेबुवा."

सगळ्या गावाला जे भोजन ती आपल्या हातानं करून वाढायची, ते तिला चार वर्षं नव्हतं. मी फडकं घेतलं आणि तिच्याबरोबर पेले पुसत बसलो.

यंदा एस्तेरचं लग्न ठरलं. या वेळी तिनंच पहिल्या भेटीत मुलाला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला बीपीचा त्रास आहे, चालेल का?" झालं, जमलं. हळदीच्या दिवशी धाकटीच्या दारात मांडव. थोरली बोलावणं नसतानाही आली, कारण पुतणीची हळद म्हणजे बोलावण्याची वाट बघायची गोष्ट नव्हे. शेवटच्या खुर्चीवर बसली. आमच्यात हळद लावायच्या आधी घरातली थोरली बाई प्रार्थना करते. पाळकसाहेब नवीन, बदलून आलेले. ते निरागसपणे म्हणाले, "थोरल्या मामी, या पुढे." मांडवात कुणी हललं नाही. नवऱ्याकडची पंधरा माणसं समोर. मामांनी तर आत्ताच आमेन म्हणायची तयारी केलेली दिसली.

मामी पुढे गेली. पदर डोक्यावर घेतला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, आणि ते उघडेच राहिले. ती धाकटीकडे बघून म्हणाली, "शालन, माझं चुकलं. पोरीचं तुझ्या तोंडानं सांगायचं हुतं, मी सांगून बसले. लई चुकलं."

धाकटी हळदीची वाटी घेऊन उभी होती. मग म्हणाली, "ताई, आता डोळे मिटा अन् प्रार्थना करा. पोरगी खोळंबलीय." आणि थोडं थांबून, "पन थोडक्यात."

मामीनं डोळे मिटले. "बापा, ही आमची एस्तेर. बाकी तुला ठाऊक हाय. आमेन." मामांना आयुष्यात पहिल्यांदा आमेनला उशीर झाला.

पुढच्या पहिल्या रविवारी पावाचे तुकडे करायला दोघी जावा बसल्या होत्या, आणि ताट आलं तेव्हा मामी जागची उठली नाही. पेला हातात घेऊन ती इतका वेळ बसली की शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

पण तेव्हापासून मामी बदललीय. निळी वही मी परवा चाळली. नव्या पानांवर नुसती नावं आहेत, खाली काही नाही. "त्याला ठाऊक असतंय," म्हणते. बरोबरच आहे. पण सोमवारी मी परत निघालो, एसटीत बसलो, ती खिडकीखाली आली, डोळे मिटून माझं फक्त नाव घेतलं आणि आमेन म्हणाली. ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. "मामी, झालं?" ती म्हणाली, "झालं."

आई गेल्याला वर्ष होत आलं. माझं नाव घेऊन माझ्याबद्दल काही मागणारं मामीशिवाय आता कुणी नाही. मी ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि खिडकीतून वाकून म्हणालो, "मामी, नीट कर. पहिल्यासारखी. मोठ्यानं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिनं पदर सारखा केला, डोळे मिटले, मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "काय काय सांगू?"

"सगळं सांग," मी म्हणालो. ड्रायव्हरनं गाडी बंद केली.